पहिल्या अक्षरावरची टिंबं

माणूस मेला की लोकांची मोठी सोय होते, कारण तो उलट बोलत नाही. मुसाविर उस्ताद जिवंत असताना ज्यांची त्यांच्यापुढे बोबडी वळायची, तेच सगळे आता कफ्रलौजच्या गल्लीगल्लीत त्यांच्या वतीने बोलायला लागले होते. माती अजून सुकलीही नव्हती.

तुमादिरला ते तंदूरपाशी कळलं. सुतक असलं तरी घरात रोटी लागतेच, म्हणून ती पिठाचे गोळे घेऊन गेली होती. तंदूरवाली उम्म रजब तिला पाहून जागेवरून उठली. गेल्या वीस वर्षांत ती या घरच्या कुणासाठी उठली नव्हती.

"सुटले गं बाई तुझे बाबा," ती डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "शेवटी का होईना, देवाने सद्बुद्धी दिली."

"कसली सद्बुद्धी?"

"अगं, तौबा केली ना त्यांनी. काजीसाहेबांनी स्वतः सांगितलं मशिदीत. म्हणाले, मुसाविरने जाता जाता सगळं मागे घेतलं. सगळ्या कविता."

"मी उशाशी होते. काजीसाहेब अंगणात अंजिराखाली बसून खजूर खात होते. त्यांना काय ऐकू आलं?"

"ऐकू नाही गं, लिहून दिलंय म्हणे पाटीवर." उम्म रजबने तिच्या हातातले गोळे घेतले. "तू कशाला मनाला लावून घेतेस? चांगलंच झालं की. आता तुझ्याकडची रोटी खायला कुणी नाक मुरडणार नाही."

तुमादिरने गोळे परत घेतले आणि रोट्या न भाजताच ती घरी निघाली. रस्त्यात तिला सलाम करणारे बरेच जण भेटले, आणि प्रत्येक सलामाने तिचं डोकं आणखी तापत गेलं. बाप पाखंडी होता तोवर तिला कुणी ओळखत नव्हतं. बापाला लबाड ठरवल्याबरोबर ती सगळ्यांची लेक झाली.

आता ही पाटी काय होती, ते सांगायला हवं.

मुसाविर उस्ताद व्याकरण शिकवायचे. अक्षर तोंडात कुठून निघतं, जीभ कुठे टेकते, श्वास कुठे अडतो, हे ते पोरांना आरसा धरून दाखवायचे. लिहिताना मात्र ते कधी टिंबं देत नसत. आपल्या अरबी लिपीत टिंबांवाचून निम्मी अक्षरं सारखीच दिसतात, पण जुन्या विद्वानांची तीच ऐट असते. टिंबं देऊन लिहायचं म्हणजे वाचणाऱ्याला अडाणी म्हणायचं. एकदा हलबच्या एका सरदाराने टिंबं घातलेलं पत्र पाठवलं, तेव्हा उस्तादांनी ते उघडं तसंच परत केलं होतं. "टिंबं गाढवांसाठी असतात," ते म्हणायचे. "शहाणा माणूस अर्थावरून वाचतो."

ही ऐटच त्यांना नडली.

अर्धांगाने त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. तुमादिरचा धाकटा भाऊ उबैद काजीच्या कचेरीत अर्ज लिहून पोट भरायचा. तो घाबरला आणि जाऊन काजी इब्न सबीहला घेऊन आला. काजी आत आला नाही. अंगणातूनच त्याने उबैदकरवी प्रश्न पाठवला: मुसाविर, आता तरी तौबा करतोस का? उबैदने रडत रडत तो बापाच्या कानात सांगितला. म्हाताऱ्याने डोळ्यांनी पाटी मागितली. तुमादिरने ती धरली, डाव्या हातात बोरू दिला. त्याने एकच शब्द लिहिला, दात्यांसारखी दोन छोटी अक्षरं आणि शेवटी होडीसारखं एक लांब अक्षर. टिंब एकही नाही.

त्या तीन अक्षरांत काय काय मावतं, ते बघा. टिंबं एका तऱ्हेने दिली तर 'बैत', म्हणजे घर. दुसऱ्या तऱ्हेने दिली तर 'बिन्त', म्हणजे मुलगी. पहिल्या दात्यावर दोन टिंबं दिली तर 'तुब्तु', म्हणजे मी तौबा केली. आणि त्याच दात्यावर तीन दिली तर 'थबत्तु', म्हणजे मी ढळलो नाही. एका टिंबात माणूस उभ्याचा आडवा होतो.

बाबा लिहिताना आपल्याकडे बघत होते, म्हणून क्षणभर तुमादिरला वाटलं होतं की ते 'मुलगी' लिहितायत. तिला तसंच हवं होतं, हे तिने स्वतःशी कबूलही केलं. पण मग त्यांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण वाकड्या तोंडातून जिभेचं टोक पुढे आलं आणि दातांच्या मध्ये टेकलं. 'त' म्हणताना जीभ दातांच्या मागे राहते, ती दिसत नाही. 'ब'ला तर ओठ मिटतात. जिभेचं टोक दातांबाहेर दिसतं ते 'थ' म्हणताना, कारण अरबी 'थ' जीभ दातांत धरूनच निघतो. लहानपणी आरशासमोर बसवून बाबांनीच तिला ते घोटून घेतलं होतं.

ती भावाला सांगणार, तोवर उबैद पाटी घेऊन अंगणात धावला होता. काजीने ती पाहिली, आकाशाकडे हात केले आणि म्हणाला, अल्हम्दुलिल्लाह. तिने बापाचे डोळे मिटेपर्यंत बातमी बाजार ओलांडून गेली होती. इथे 'ध'चा 'मा' करायला काही खोडावंही लागलं नाही.

तंदूरवरून ती आली तेव्हा उबैद ओसरीवर मसूर निवडत बसला होता. हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

"तू त्यांना सांगितलंस?" तिने कच्चे गोळे त्याच्यापुढे टाकले. "बाबांनी तौबा केली म्हणून?"

"मी काही सांगितलं नाही, ताई. काजीसाहेबांनी वाचलं."

"आणि तू बघत बसलास."

"मग काय करायचं होतं?" उबैदचा आवाज चढला, मग आपोआप उतरला. "पाखंडी ठरले असते तर दफनाला जागा मिळाली नसती. हे घर सरकारजमा झालं असतं. तू कुठे गेली असतीस? माझ्या तीन पोरी कुठे गेल्या असत्या? बाबा गेले, ताई. त्यांना आता काय फरक पडतो?"

"बाबांना नसेल पडत. मला पडतो."

ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिला आई आठवत होती. भूकंप झाला तेव्हा तुमादिर आठेक वर्षांची असेल. दुपारची नमाज चालू होती. मशिदीचा मागचा भाग, जिथे बायका उभ्या राहायच्या, तेवढाच खाली आला. वेशीबाहेरच्या दारूच्या गुत्त्यात एक सुरईसुद्धा कलंडली नाही. पुढच्या जुम्म्याला इब्न सबीह, तेव्हा तो जुम्म्याचं प्रवचन देणारा तरणा खतीब होता, व्यासपीठावरून म्हणाला की देव न्यायी आहे, ज्या गेल्या त्यांच्या मनात काही ना काही पाप दडलेलं असणारच. तेव्हा दाढीत अजून ढिगाऱ्यातला चुना असलेला एक माणूस गर्दीतून उठला.

"माझ्या बायकोचं पाप कोणतं, तेवढं सांगा," मुसाविर म्हणाले होते. "मी तिच्याबरोबर दहा वर्षं राहिलो. मला सापडलं नाही. तुम्हाला एका आठवड्यात कसं सापडलं?"

इब्न सबीहकडे उत्तर नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि नंतर काजी झाल्यावरही नव्हतं. आणि उस्तादांनी तो प्रश्न कधी सोडला नाही. त्यांच्या सगळ्या कविता त्या एका प्रश्नाची पोरं होती:

*वाकले जे, छत कोसळे त्यांवर; झिंगले ते राहिले सुखरूप.*
*मालक तर बोलेचना काही. चाकरांना कंठ फुटले खूप.*

लोक म्हणायचे हा देवाला शिव्या देतो. खोटं होतं ते. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, असलंच तर अबोला होता. त्यांचं भांडण होतं ते देवाच्या नावाने पावत्या फाडणाऱ्यांशी. जगाबद्दल म्हणाल तर त्यांना काडीची आशा नव्हती. उबैदची पहिली पोर पाळण्यात घातली त्या दिवशीही ते म्हणाले होते, "झोपवतेस कशाला बाई, आधी जागं कशाला केलंस ते सांग." सुनेने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला, आणि महिनाभर तीच पोर त्यांच्या मांडीवर झोपत होती.

संध्याकाळी काजी भेटायला आला. सोबत दोघे-तिघे, हातात मधाचं भांडं. तो आता जाडजूड झाला होता आणि बोलायचा अगदी मऊ.

"मुली, तुझा बाप माझा विरोधक होता," तो म्हणाला. "पण मी मनात काही ठेवत नाही. कबरीचा दगड माझ्याकडून. मशिदीच्या वाटेवर चांगली जागाही मीच दिली. वर त्याचा तो शेवटचा शब्द कोरू, म्हणजे येणाराजाणारा बोध घेईल."

"कोणता शब्द, काजीसाहेब?"

"तुब्तु."

"ते थबत्तु होतं. मी त्यांची जीभ पाहिली. दातांमध्ये होती."

काजीबरोबरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काजी मात्र हसला.

"मरणाऱ्याची जीभ कुठेही जाते, मुली. त्यावर का कुणी निवाडा करतं?"

"आणि मरणाऱ्याच्या न दिलेल्या टिंबांवर करतात वाटतं?"

"ताई," उबैदने मागून तिची बाही ओढली.

काजीने मधाचं भांडं ओसरीवर ठेवलं. "मुली, मी तुझ्या वाचण्यावर चालायचं म्हटलं, तर मला तसाच हुकूम लिहावा लागेल. मग प्रेत उकरावं लागेल, घराला टाळं लागेल, आणि या उबैदला कचेरीत ठेवता येणार नाही. मला ते आवडणार नाही. तू विचार कर." गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

 ते गेल्यावर उबैदला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला, अगदी लहानपणी चोरी पचल्यावर उजळायचा तसा.

"ताई, दगडावर टिंबं नसतातच. कोरीव अक्षरात कुणी देत नाही. नुसता शब्द राहील, बाबांनी लिहिला तसाच. त्यांना त्यांचं वाचू दे, तू तुझं वाच. खोटं कुणीच बोललं नाही."

"तुला हे पटतं?"

"मला माझ्या पोरी जगवायच्यायत."

तिन्ही पोरी दाराआडून बघत होत्या. सगळ्यांत धाकटीचं नाक वाहत होतं. तुमादिरने उठून ते पुसलं आणि हो म्हणाली. नाक दाबलं की तोंड उघडतं.

पाथरवट सिमआनने दगड घडवला. चांगला पांढरा दगड होता, अक्षरंही सरळ, देखणी. *हा मुसाविर, हुमैदचा मुलगा. त्याचा शेवटचा शब्द:* आणि खाली ते दोन दाते, ती होडी. पहिले काही दिवस तुमादिरला खरंच बरं वाटलं. पहाटे ती कबरीपाशी जायची, बोट त्या शब्दावरून फिरवायची आणि हळूच म्हणायची, थबत्तु. कुणी ऐकत नव्हतं. बाबांनी तसंच लिहिलं होतं, तसंच तिथे होतं.

पण जो शब्द एकटीनेच हळू म्हणायचा असतो, त्याची किंमत किती? दिवस चढला की काजी तिथून जायचा. हलबहून कुणी आलं, दमिश्कहून कुणी आलं, की त्यांना दगडापुढे उभं करायचा आणि खणखणीत आवाजात वाचायचा: तुब्तु. मकतबच्या, म्हणजे मशिदीच्या शाळेतल्या, पोरांना रांगेने आणून वाचून घ्यायचा. उस्तादांच्या कविता ज्यांनी चोरून पाठ केल्या होत्या, ती तरणी पोरं दगडासमोर येऊन खाली मान घालायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. ज्यांचा गुरूच शेवटी शरण गेला, त्यांनी कशाच्या जोरावर उभं राहायचं? उबैद म्हणाला होता कुणी खोटं बोललं नाही. तुमादिरच्या लक्षात यायला लागलं की खोटं दगडच बोलतोय, आणि त्याला तोंड तिने दिलंय.

तरी ती गप्प राहिली असती. पोरींसाठी राहिली असती. पण काजीला जिंकून पुरेना.

भूकंपाच्या दिवसाची आठवण म्हणून एका जुम्म्याला खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, त्याने स्वतः दिला. बायका जाळीमागे, नव्याने बांधलेल्या छताखाली बसल्या होत्या. तुमादिरही होती. एवढी वर्षं ती या मशिदीत आली नव्हती. आता काजीची मेहेरबानी म्हणून यावं लागत होतं.

"तुम्हाला आठवत असेल," काजी म्हणाला, "याच मशिदीत एका माणसाने मला विचारलं होतं, माझ्या बायकोचं पाप कोणतं? वीस वर्षं मी धीर धरला. शेवटी त्याने स्वतःच उत्तर दिलं. तौबा केली, म्हणजे काय केलं? मान्य केलं, की ते छत उगाच नाही कोसळलं. ज्या गेल्या त्या आपल्या करणीने गेल्या. हे मी नाही म्हणत, लोकहो. तिच्या नवऱ्याने म्हटलंय. बाहेर दगडावर लिहिलंय."

शेजारची उम्म रजब मान डोलावत म्हणाली, "आमीन." त्या दिवशी तिचीही बहीण त्याच छताखाली गेली होती. ती आमीन म्हणाली, यावर तुमादिरचा आधी विश्वास बसेना.

आई पहाटे उठायची. पीठ मळताना गाणं म्हणायची, आणि ते बेसूर असायचं. शेजारणीचं बाळ आजारी होतं म्हणून त्या दुपारी ती त्याच्यासाठी दुआ मागायला गेली होती. एवढंच तिचं पाप. आता तिच्याच नवऱ्याच्या हाताने तिच्यावर शिक्का मारला गेला होता, आणि त्या दगडाला तुमादिरने होकार दिला होता.

नमाज पुरी व्हायच्या आत ती उठली. सिमआनचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तो ख्रिस्ती असल्याने जुम्म्याला दुकान उघडं असायचं.

"छिन्नी दे. आणि हातोडी."

"कशाला, ताई?"

"तुझ्या कामात थोडं राहिलंय."

सिमआनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, उघड्या रस्त्याकडे पाहिलं. "मी दिली नाही," तो म्हणाला. "मी पाणी प्यायला आत गेलो होतो." आणि तो खरंच आत गेला.

मशिदीतून माणसं बाहेर पडत होती तेव्हा ती कबरीपाशी गुडघे टेकून बसली होती. पहिला घाव घसरला आणि बोट फुटलं. दुसऱ्या घावाला दगडाचा कपचा उडाला. लोक थांबले. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी उबैदला बोलवायला गेलं. उबैद आला, आणि रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. त्याने तिला अडवलं नाही, एवढं खरं.

"माफ करा, बाबा," ती दगडाला म्हणाली. "तुम्हाला नाही आवडत, ठाऊक आहे मला."

पहिल्या दात्यावर एक टिंब झालं. त्याच्या शेजारी दुसरं. काजी येऊन पोहोचला तेव्हा ती दोन्हींच्या वर तिसरं टिंब कोरत होती. वेडंवाकडं होतं, पण खोल होतं.

"बाई, हे काय चालवलंयस?" काजीचा आवाज पहिल्यांदा मऊ नव्हता. "दगडावर कधी टिंबं असतात?"

"वाचणाऱ्याला वाचता येत असेल तर नसतात," ती म्हणाली.

गर्दीत मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. काजीचं तोंड लाल झालं. भरचौकात, अख्ख्या गावासमोर, एका बाईने त्याला टिंबं घालून दिली होती. त्याला काय म्हटलं गेलंय, ते मकतबच्या पोरांनाही कळलं.

"या दगडावरचं हे आत्ताच्या आत्ता खोडा," त्याने सोबतच्या शिपायाला सांगितलं.

शिपाई पुढे आला आणि घुटमळला. त्याला अक्षरओळख जेमतेमच होती. "कुठलं खोडायचं, साहेब? सगळंच?"

"सगळं कशाला? तो शेवटचा शब्द."

"कुठला शब्द? काय लिहिलंय ते सांगा, म्हणजे चुकून नाव नको जायला."

तुमादिर उठून उभी राहिली. हातातून रक्त गळत होतं, ते तिने झग्याला पुसलं. घर जाणार होतं, उबैदची नोकरी जाणार होती, आणि कदाचित बाबांची हाडंसुद्धा या मातीत राहणार नव्हती. धाकटीचं वाहतं नाक तिला दिसत होतं, आणि त्याबद्दल तिला कुणीच माफ करू नये असं तिला वाटलं. तरीही ती काजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांगा ना त्याला, काजीसाहेब," ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

सगळे काजीकडे बघत होते. तुब्तु म्हणावं, तर मग खोडायचं कशाला? वीस वर्षांनी त्याला पुन्हा भर गर्दीत प्रश्न विचारला गेला होता, आणि या वेळी उत्तर समोर कोरलेलं होतं. त्याने दगडाकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं. मग तो रागाने, घाईघाईत बोलला, आणि बोलताना त्याच्या जिभेचं टोक दातांच्या मध्ये आलं.